सी फाईलवरची तोफ: अलेखाइन विरुद्ध निम्झोविच, सॅन रेमो १९३०

बुद्धिबळ शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला एक गोष्ट सांगितली जाते: फाईल (पटावरची घरांची उभी ओळ) खुली झाली, म्हणजे तिच्यात एकही प्यादं उरलं नाही, की हत्ती तिथे आणा, दुसरा हत्ती त्याच्यामागे लावा, सातव्या रांगेत (समोरच्याच्या बाजूच्या दुसऱ्या आडव्या ओळीत) घुसा. सल्ला बरोबर आहे. पण क्लबात, शालेय स्पर्धांत, अगदी मानांकित खेळाडूंच्या डावांतही पुढे काय होतं ते आपण पाहतो. दोन हत्ती फाईलवर येतात, समोरचाही दोन हत्ती आणतो, चारही मारले जातात आणि डाव बरोबरीत सुटतो. फाईल ताब्यात येणं आणि तिच्यातून गुण निघणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर कसं कापायचं हे दाखवणारा सॅन रेमोच्या डावाइतका स्वच्छ डाव मला माहीत नाही.

या डावात पांढरे मोहरे अलेखाइनचे, काळे निम्झोविचचे. पांढऱ्याचा एकही मोहरा सी फाईलवरून काळ्याच्या प्रदेशात शिरला नाही. सातवी रांग तर दूरच, सहाव्या रांगेवरही पांढऱ्याचा हत्ती पोचला नाही. तरीही तिसाव्या चालीला काळ्याने डाव सोडला, आणि कारण सी फाईलच होतं. माझं म्हणणं असं की डाव जिंकून देणाऱ्या तीन चाली फाईलच्या बाहेर झाल्या: ए६, उंट ए४ आणि एच४ (अक्षर म्हणजे फाईल, आकडा म्हणजे रांग; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची). हत्ती आणि वजीर यांनी काळ्याला बांधून ठेवलं, आणि या तीन चालींनी त्याच्या गाठी आवळल्या.

इटलीतल्या सॅन रेमोची ही १९३० ची स्पर्धा. अलेखाइन १९२७ मध्ये कापाब्लांकाला हरवून जगज्जेता झालेला होता आणि इथे तो १५ पैकी १४ गुण घेऊन पहिला आला. दुसरा निम्झोविच साडेतीन गुणांनी मागे, १०.५ वर. निम्झोविच साधा प्रतिस्पर्धी नव्हता. आदल्याच वर्षी कार्ल्सबादची मोठी स्पर्धा त्याने जिंकली होती. खुली फाईल, सातवी रांग, बांधलेला मोहरा (जो हलला तर मागचा मोठा मोहरा मारला जातो) या गोष्टींची सुसंगत मांडणी करणारा माणूस तोच. त्याच्या ‘माय सिस्टिम’ या पुस्तकात खुल्या फाईलचा विचार अगदी सुरुवातीच्या प्रकरणांत येतो. म्हणजे खुल्या फाईलवर काय होऊ शकतं हे त्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही. म्हणूनच हा डाव अभ्यासाला घ्यावा.

फाईल उघडण्याआधी

सुरुवात फ्रेंच बचावाची, त्यातही विनावर प्रकाराची, जो निम्झोविचचा आवडता होता: १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ उंट बी४ ४. ई५ सी५ ५. उंट डी२ घोडा ई७ ६. घोडा बी५ उंट डी२ मारून शह ७. वजीर डी२ मारून, काळ्याचं किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल) ८. सी३ बी६ ९. एफ४ उंट ए६ १०. घोडा एफ३ वजीर डी७ ११. ए४ घोडा बी८ वरून सी६.

इथे थांबून पट पाहू. काळ्याने काळ्या घरांचा उंट मारामारीत दिला आहे, त्यामुळे डी६ चं घर उघडं पडलंय. पांढऱ्याची प्यादी डी४, ई५, एफ४ अशी पुढे आहेत. काळ्याला जागा कमी आहे. जागा कमी असली की मोहरे एकमेकांच्या वाटेत येतात. फाईल अजून खुली नाही, पण ती कोणाच्या उपयोगी पडणार हे इथेच ठरत आलंय, कारण ज्याच्याकडे मागे मोकळी घरं आहेत तोच तिथे हत्ती भराभर हलवू शकतो.

१२. बी४ सी५ वरच्या प्याद्याने बी४ मारलं १३. सी३ वरच्या प्याद्याने बी४ परत मारलं, उंट बी७. सी फाईल आता पूर्ण खुली, दोन्ही बाजूंना सारखी. दोघांचेही हत्ती अजून तिथे नाहीत. कागदावर बरोबरी.

१४. घोडा डी६ एफ५. माझ्या मते पुढच्या त्रासाची सुरुवात इथून आहे. एफ५ मुळे पांढऱ्याची एफ५ ही चाल थांबते हे खरं, पण काळ्याची एफ६ ही सुटकेची चालही जाते. आता मधली सगळी प्यादी एकमेकांसमोर अडकली: डी४ समोर डी५, ई५ समोर ई६, एफ४ समोर एफ५. पटावर हलणारी जागा उरली ती वजिराच्या बाजूला, आणि तिथली एकुलती एक वाट म्हणजे सी फाईल.

१५. ए५ घोडा सी८ १६. घोड्याने बी७ चा उंट मारला, वजिराने परत मारलं १७. ए६.

डी६ वर बसलेला घोडा काळ्याच्या निकामी उंटासाठी देऊन टाकणं अनेकांना पटणार नाही. इतका देखणा घोडा, आणि उंट असा की स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला. पण सी८ च्या घोड्याने डी६ वर नेम धरलाच होता, घोडा तिथे फार टिकणार नव्हता. मारामारी बी७ वर झाली म्हणून काळ्याचा वजीर त्या घरावर ओढला गेला, आणि ए६ ही चाल वजिरावर हल्ला करत आली. म्हणजे एक चाल फुकट मिळाली.

ए६ चं प्यादं पुढे डावभर जागचं हलत नाही, पण त्याचं काम मोठं आहे. ते काळ्याच्या ए७ ला रोखून धरतं आणि बी७ हे घर काळ्याकडून काढून घेतं. काळ्याचे हत्ती सी७ आणि सी८ वर दाटीवाटीने उभे राहतात तेव्हा त्यांना बाजूला सरकायला बी७ हवं होतं, आणि ते नाही. डाव लावून पाहताना मुलं या प्याद्याकडे बघतच नाहीत, म्हणून मी शिकवताना तिथे मुद्दाम बोट ठेवतो.

घोडा जो हलू शकत नाही

१७… वजीर एफ७ १८. उंट बी५ घोडा सी८ वरून ई७ १९. पांढऱ्याचं किल्लेकोट, एच६ २०. हत्ती एफ१ वरून सी१ हत्ती एफ८ वरून सी८ २१. हत्ती सी२ वजीर ई८ २२. हत्ती ए१ वरून सी१ हत्ती ए८ वरून बी८.

आता दोघांचेही मोहरे फाईलवर आहेत, मग फाईल पांढऱ्याचीच का म्हणायची? उत्तर सी६ वर आहे. काळ्याचा घोडा तिथे उभा आहे. तो पांढऱ्याच्या हत्तींना आत येऊ देत नाही, पण त्याच वेळी काळ्याच्या हत्तींनाही पुढे बघू देत नाही. काळ्याला हत्तींची मारामारी हवी आहे, कारण जागा कमी असलेल्याला मोहरे कमी झाले की श्वास घेता येतो. ती मारामारी करायची तर घोडा बाजूला व्हायला हवा. उंट बी५ वर येऊन बसलाय तो यासाठीच. १८ किंवा १९ व्या चालीपर्यंत घोड्याला डी८ ची वाट मोकळी होती. एच६ ऐवजी तिथे घोडा डी८ करून हत्तींची अदलाबदल मागता आली असती. जागा तोकडीच राहिली असती, पण निदान फाईलवरची गर्दी तरी कमी झाली असती. वजीर ई८ वर गेल्यावर ती वाटही बंद झाली, कारण आता घोडा हलला तर उंट थेट वजीर मारतो. सी६ ला एक राखणदार वाढवताना काळ्याने घोड्याला आपल्याच वजिराशी बांधून टाकलं.

फाईलवर वर्चस्व ठेवायचं असेल तर समोरच्याला हत्तींची अदलाबदल करू द्यायची नाही, ही गोष्ट पुढच्या काळातल्या एका डावात आणखी उघडपणे दिसते. १९७४ च्या नीस ऑलिम्पियाडमध्ये पांढऱ्याकडून खेळताना कारपॉव्हने उनझिकरविरुद्ध उंट ए७ वर नेऊन ए फाईल चक्क स्वतःच बंद केली, त्याच्या आडून हत्ती लावले आणि नंतर सवडीने ती उघडली. तिथे अडसर पांढऱ्याचा स्वतःचा होता. सॅन रेमोत अडसर काळ्याचा आहे आणि पांढऱ्याने तो जागच्या जागी खिळवून ठेवलाय.

२३. वजीर ई३ हत्ती सी७ २४. हत्ती सी३ वजीर डी७ २५. हत्ती सी१ वरून सी२ राजा एफ८ २६. वजीर सी१ हत्ती बी८ वरून सी८.

हीच ती प्रसिद्ध मांडणी. पुढे सी३ वर हत्ती, त्यामागे सी२ वर हत्ती, सगळ्यात मागे सी१ वर वजीर. बुद्धिबळाच्या जगात हिला ‘अलेखाइनची तोफ’ म्हणतात. वजीर मागे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. फाईलवर मारामारी सुरू झाली की पुढचा मोहरा आधी मारतो आणि आधी मारला जातो. वजीर पुढे असेल तर हत्तीने राखलेल्या घरावर त्याला मारताच येत नाही, पूर्ण रांग अडून बसते. स्वस्त मोहरे पुढे आणि महाग मोहरा मागे असेल तरच तिघांचाही जोर एका घरावर पडतो.

आता सी६ वर हिशेब मांडू. हल्ला करणारे: बी५ चा उंट, दोन हत्ती, वजीर. एकूण ४. राखणारे: ई७ चा घोडा, डी७ चा वजीर, सी७ आणि सी८ चे हत्ती. एकूण ४. तोल बरोबर साधलाय, घोडा पडत नाही. २६ व्या चालीला काळ्याने हत्ती सी८ वर आणला नसता तर राखणारे ३ राहिले असते आणि उंटाने सी६ मारून मारामारीच्या शेवटी काळ्याचा वजीर गेला असता. म्हणजे काळ्याला ती चाल सक्तीचीच होती. पण हा तोल टिकवायला काळ्याचे चारही मोहरे लागलेत. प्रत्येकाला एक काम मिळालंय आणि ते सोडून दुसरं काही करायला त्यातला एकही मोकळा नाही. पांढऱ्याचे चार मोहरे मात्र हवे तेव्हा दुसरीकडे जाऊ शकतात, घाई त्यांना नाही. फाईलवरच्या ताब्याचा खरा अर्थ मला इथे दिसतो.

उंट ए४ आणि राजाची धाव

२७. उंट ए४.

उंट मागे गेला तरी त्याच कर्णावर आहे, सी६ वर त्याचा नेम तसाच आहे. फरक इतकाच की बी५ घर रिकामं झालं. आता बी४ चं प्यादं बी५ वर येणार आणि सी६ चा घोडा एका साध्या प्याद्याकडून मारला जाणार. घोडा पळाला तर? मग सी७ चा हत्ती उघडा पडतो. तिथे पांढऱ्याचे हल्लेखोर ३, काळ्याकडे राखायला सी८ चा हत्ती आणि डी७ चा वजीर. हत्तीने हत्ती, हत्तीने हत्ती, पुन्हा हत्तीने मारलं की वजिराला मारायला लागतं आणि सी१ चा वजीर त्याला टिपतो. म्हणून घोडा पळू शकत नाही आणि थांबूही शकत नाही.

यावर एकच इलाज होता: सी७ ला तिसरा राखणदार. मोकळा मोहरा कुठला? फक्त राजा. तो एफ८ वर आहे आणि त्याला डी८ वर पोचायला दोन चाली हव्यात. पांढऱ्याला बी५ साठी एकच चाल हवी. म्हणून निम्झोविचने एक प्यादं टाकून वेळ विकत घेतला: २७… बी५. २८. उंटाने बी५ मारलं, राजा ई८ २९. उंट ए४ राजा डी८. उंटाला प्यादं मारून पुन्हा मागे यायला लागलं आणि तेवढ्यात राजा पोचला. बचाव म्हणून ही चाल खरोखर चिवट आहे. पटाच्या मध्यावर, सगळे मोठे मोहरे शिल्लक असताना राजाला स्वतःच्या हत्तीचा पहारेकरी करणं सोपं नसतं, आणि निम्झोविचने हिशेब अचूक केला होता. आता बी५ आलं तर घोडा निवांत ए५ वर जाईल, सी७ वर सगळ्यांची मारामारी होईल आणि शेवटी राजा वजीर परत मारेल. शिवाय बी५ वर आलेलं प्यादं ए४ च्या उंटाचा कर्ण स्वतःच अडवेल.

शंभरातले नव्वद खेळाडू इथे बी५ खेळतील, कारण धमकी आधीपासून तीच होती. अलेखाइनने खेळलं ३०. एच४, आणि निम्झोविचने डाव सोडला.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही चाल कळतच नाही. पटाच्या एका टोकाला इतकी कोंडी आणि प्यादं सरकतंय दुसऱ्या टोकाला. काळ्याकडे कोणत्या चाली उरल्यात ते एकेक करून पाहा. सी६ चा घोडा हलला तर ए४ चा उंट डी७ चा वजीर मारतो. ई७ चा घोडा हलला तर सी६ वर ४ विरुद्ध ३ होतात आणि मारामारीत वजीर जातो. सी८ चा हत्ती हलला तरी तेच. सी७ च्या हत्तीला जायला घरच नाही, बी७ वर ए६ च्या प्याद्याचा पहारा आहे. वजीर ई८ वर गेला तर सी७ चा एक राखणदार कमी, मग बी५. राजा हलला तरी सी७ चा राखणदार कमी, पुन्हा बी५. ए७, डी५, ई६, एफ५ ही प्यादी अडलेली.

उरली जी७ आणि एच६ ही दोन प्यादी. त्यांच्या चाली संपल्या की काळ्याला वरच्यापैकी काहीतरी करावंच लागणार, आणि त्यातलं काहीही केलं तरी मोहरा जातो. चाल करावी लागणं हीच शिक्षा ठरते अशी ही स्थिती, जिला खेळाडू झुगझ्वांग म्हणतात. एच४ मुळे जी५ ही एकमेव धक्का देणारी चालही महाग झाली. ३०… एच५ ३१. राजा एच२ जी६ ३२. राजा जी३ इथपर्यंत लावून पाहा: काळ्याच्या फुकटच्या चाली संपल्या, आणि पांढरा आपला राजा जी३ वरून एच२, एच२ वरून जी३ असा हवा तितका वेळ हलवू शकतो.

बारा मोहरे आणि तेरा प्यादी पटावर असताना झुगझ्वांग होणं फार दुर्मीळ आहे. ते सहसा राजा आणि दोनचार प्यादी उरलेल्या शेवटात दिसतं. इथे ते शक्य झालं, कारण मधली प्यादी १४ व्या चालीलाच अडकली होती आणि सी फाईलने काळ्याचा प्रत्येक मोहरा कामाला जुंपला होता.

दुसरी वाट

फाईलवरून सरळ आत घुसण्याचा मार्ग खोटा आहे असं मुळीच नाही. १९३८ च्या आव्हरो स्पर्धेत बोटविनिकने याच अलेखाइनला सी फाईलवरूनच हरवलं. तिथे २१ व्या चालीला वजीर सी७ वर गेला, वजिरांची मारामारी झाली आणि हत्ती सातव्या रांगेत जाऊन बसला. काळ्याचा घोडा बी८ वर अडकलेला होता, प्यादी एकामागून एक कमजोर झाली आणि शेवटात बोटविनिकने शांतपणे ती गोळा केली. फरक असा की तिथे सी७ घर मोकळं होतं. ते राखायला काळ्याकडे मोहरे नव्हते. सॅन रेमोत आत येणारी सगळी घरं राखलेली होती, म्हणून अलेखाइनला राखणाऱ्यांनाच दमवावं लागलं. फाईल हाती आल्यावर आधी हे पाहावं: आत जायचं घर राखलेलं आहे का, आणि असेल तर राखणारे किती मोकळे आहेत.

काळ्याच्या बाजूने विचार केला तर डाव कुठे वाचला असता? २१ व्या चालीनंतर मला काही दिसत नाही, १८ आणि १९ वर घोडा डी८ ची आशा आहे, पण सगळ्यात चांगली संधी त्याच १४ व्या चालीला होती. एफ५ ऐवजी ए५. पांढरा १५. बी५ खेळला तर सी६ चा घोडा बी४ वर उडी मारतो आणि ए५ चं प्यादं त्याला राखतं. वजिराच्या बाजूची प्यादी तिथेच अडतात, ए६ चं प्यादं कधी येत नाही, बी७ घर काळ्याकडे राहतं, आणि सी६ वर बांधला जाणारा घोडाच तिथून निघून गेलेला असतो. शिवाय बी४ चा घोडा सी२ वर नजर ठेवून बसतो, म्हणजे ज्या घरावर पुढे तोफेचा मधला हत्ती उभा राहिला, तिथे त्याला उभंच राहता आलं नसतं.